पासपोर्ट एका देशाचा, घर दुसऱ्या देशात

अमेरिकेचे ग्रीन कार्ड मिळालेला भारतीय नागरिक प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याजवळ दोन सरकारांचे कागद असतात. पासपोर्टवरून त्याचे नागरिकत्व कळते, कार्डावरून राहण्याचा हक्क. मुंबईहून न्यूअर्कला जाताना हे कागद अनेक टेबलांवर तपासले जातात आणि प्रत्येक टेबलाला त्यांतल्या एकातच खरा रस असतो. भारतातून निघताना शिक्का बसतो तो पासपोर्टवर. अमेरिकेत परतताना मात्र कायदा ग्रीन कार्ड मागतो, पासपोर्टची सक्ती करत नाही. तरीही पासपोर्टची मुदत संपू देऊन चालत नाही, कारण त्यावाचून दुसऱ्या कुठल्याही देशात शिरणे कठीण.

सर्वांत काटेकोर तपासणी बहुधा विमान कंपनीच्या काउंटरवर होते. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणला तर अमेरिकी कायद्यानुसार कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिथला कर्मचारी कार्डाची मुदत बारकाईने पाहतो. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशनची तपासणी तर अबू धाबीच्या विमानतळावरच उरकते. डब्लिन, शॅनन आणि कॅनडाच्या मोठ्या विमानतळांवरही ही सोय आहे. अमेरिकेत उतरल्यावर तो प्रवासी देशांतर्गत विमानाने आल्यासारखा थेट बाहेर पडतो.

या कार्डाचे मूळ १९४० सालच्या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कायद्यात आहे. युद्धाच्या सावटाखाली अमेरिकेने देशातल्या सर्व परदेशी रहिवाशांना नोंदणी करायला लावली आणि त्यासाठी टपाल कार्यालये वापरली. महायुद्धानंतर कायम रहिवाशांना हिरव्या रंगाचे वेगळे कार्ड मिळू लागले. १९६४ मध्ये रंग बदलला, पुढे अनेकदा बदलला आणि २०१० मध्ये पुन्हा हिरवा झाला. मधल्या काळातही लोक त्याला ग्रीन कार्डच म्हणत राहिले. सर्वसाधारण कार्ड दहा वर्षांचे असते. नव्या लग्नाच्या आधारावर मिळालेले कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त. कार्डाची मुदत संपली म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा संपला असे नाही, पण काउंटरवर हा फरक समजावत बसण्याची वेळ न आलेली बरी. नूतनीकरणाच्या अर्जाची पावती जवळ असावी. सप्टेंबर २०२४ पासून त्या पावतीने जुन्या कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढते.

परतणारा कायम रहिवासी हा नव्याने प्रवेश मागणारा परदेशी मानायचा की घरी येणारा माणूस, हा प्रश्न अमेरिकी न्यायालयांपुढे अनेकदा आला. जॉर्ज फ्ल्युटी हा स्विस नागरिक १९५२ मध्ये कायम रहिवासी म्हणून अमेरिकेत आला. त्यानंतर काही आठवड्यांनी नवा इमिग्रेशन कायदा अमलात आला. १९५६ मध्ये तो मेक्सिकोतल्या एन्सेनाडा गावी दोनेक तासांसाठी जाऊन आला. सरकारचे म्हणणे असे, की ते परतणे हा नवा प्रवेश होता, म्हणून नव्या कायद्यातील अपात्रतेचे कलम त्याला लागू होते आणि तो हद्दपारीस पात्र ठरतो. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. निरुपद्रवी, सहज केलेली आणि अल्पकाळाची फेरी म्हणजे वास्तव्य तोडणे नव्हे, असा तो निर्णय होता.

काँग्रेसने १९९६ मध्ये या निकालाच्या जागी लेखी नियम आणला. त्यानुसार परतणारा कायम रहिवासी साधारणपणे नव्याने प्रवेश मागणारा मानला जात नाही, पण याला सहा अपवाद आहेत. त्याने वास्तव्य सोडलेले असणे, सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहणे आणि ठरावीक गुन्हे हे त्यांतले महत्त्वाचे. गुन्ह्याच्या अपवादाला काळाची मर्यादा नाही. तारुण्यातल्या एखाद्या जुन्या प्रकरणामुळे वीस वर्षे सुखाने राहिलेला माणूस सुट्टीहून परतताना विमानतळावर अडकू शकतो. त्यामुळे असा काही इतिहास असलेल्याने तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारणेच शहाणपणाचे. २०१२ मध्ये व्हार्टेलास या ग्रीक नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला, की १९९६ पूर्वीच्या गुन्ह्याला हा नियम मागे जाऊन लावता येणार नाही.

मराठी घरांत मात्र अडचण येते ती बहुतेक वेळा वास्तव्यावरून. अमेरिकी नागरिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळवून दिलेले असते. घर पुण्यात किंवा नाशिकला, शेजारपाजार तिथे, डॉक्टर तिथे. मग दर सहा महिन्यांनी एक फेरी मारली की कार्ड जिवंत राहते, असा समज पसरतो. हा समज साफ चुकीचा आहे. कायदा पाहतो तो माणसाचे कायमचे घर कुठे आहे हे, आणि बाहेर जाणे खरोखर तात्पुरते होते का हे. जमैकात भाड्याच्या खोल्यांचा व्यवसाय चालवणारी आणि वर्षातून थोड्याच दिवसांसाठी अमेरिकेत येणारी एक महिला कायम रहिवासी राहिली नाही, असा निर्णय तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९७५ मध्येच दिला होता. अधिकारी घराचा पत्ता, नोकरी, आयकर विवरणपत्र, बँक खाते, कुटुंब असे सगळे मिळून पाहतात. आयकर विवरणपत्र ‘अनिवासी’ म्हणून भरलेले असेल, तर ते कार्डधारकाच्या विरुद्धच जाते.

सलग एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परतता येत नाही. आजारी आईची सेवा किंवा परदेशातले ठरावीक मुदतीचे काम अशी कारणे आधीच दिसत असतील, तर पुनर्प्रवेश परवाना काढावा लागतो. त्यासाठीचा आय-१३१ हा अर्ज अमेरिकेत असतानाच भरायचा असतो, आणि परवाना साधारण दोन वर्षांचा मिळतो. परवाना नसताना वर्ष उलटले, तर वकिलातीत परतीच्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागता येतो. मात्र विलंब आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे सिद्ध करावे लागते. कोरोनाच्या काळात भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मार्च २०२० मध्ये थांबली ती मार्च २०२२ पर्यंत, आणि हे कारण सांगण्याची वेळ पुष्कळांवर आली.

विमानतळावरच शंका उपस्थित झाली तर अधिकारी आय-४०७ हा फॉर्म पुढे करू शकतो. त्यावर सही म्हणजे कायम वास्तव्य स्वेच्छेने सोडल्याची कबुली. सही करण्याची सक्ती नसते. नकार दिल्यास प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाते आणि वास्तव्य सोडले हे सबळ पुराव्याने दाखवण्याचा भार सरकारवर येतो. लांबच्या प्रवासाने शिणलेल्या वयस्कर माणसाला हे ठाऊक असणे फार मोलाचे आहे.

कायद्यातली एक तरतूद माहेरी बाळंतपणाला जाणाऱ्या मुलींना उपयोगी पडते. कायम रहिवासी असलेल्या आईचे मूल तिच्या तात्पुरत्या परदेशवासात जन्मले, तर त्याला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. मात्र जन्मापासून दोन वर्षांच्या आत आणि पालकाच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात ते पालकाबरोबर आले पाहिजे. जन्मदाखला आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट सोबत लागतो. आई मध्येच एकटी जाऊन आली तर ही सवलत हातची जाते.

शेजारच्या देशांत जाताना कार्डाचा फायदा लगेच जाणवतो. कॅनडाला जाण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला एरवी व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर तो लागत नाही, पण २६ एप्रिल २०२२ पासून वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही दाखवावे लागतात. नायगाऱ्याला याचा प्रत्यय येतो. धबधब्याचे समोरून दर्शन ऑन्टारिओच्या काठावरून होते. १९४१ मध्ये खुला झालेला रेनबो पूल ओलांडला की पलीकडे कॅनडा. ग्रीन कार्डवाला मुलगा तिथे पायीसुद्धा जातो. एच-१बी व्हिसावरचा त्याचा मित्र आणि भारतातून पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील कॅनडाचा व्हिसा नसेल तर अमेरिकेच्या काठावरच थांबतात. मेक्सिकोही ग्रीन कार्डधारक पर्यटकाकडून व्हिसा मागत नाही, आणि संयुक्त अरब अमिरातीत भारतीयाला या कार्डावर आगमनानंतर अल्पमुदतीचा व्हिसा मिळतो. पश्चिम युरोपात फिरायचे तर कार्ड असूनही शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. प्रवासात कार्ड हरवले, तर जवळच्या अमेरिकी वकिलातीत आय-१३१ए अर्ज करून विमानात चढण्यापुरते अनुमतिपत्र घ्यावे लागते.

अन्य देशांचे हिशेब वेगळे आहेत. कॅनडा पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहण्याची अट घालतो. ब्रिटनमधील सामान्य कायम वास्तव्य सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यास लोप पावते. ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळालेल्या ‘सेटल्ड’ दर्जासाठी ही मर्यादा पाच वर्षे आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला स्थायिक झालेले अनेक गोवेकर याच दर्जावर राहतात.

अमेरिकेत साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्या काळात किमान ३० महिने प्रत्यक्ष देशात काढलेले असावे लागतात, आणि सहा महिन्यांहून लांबलेली एकच फेरी वास्तव्याच्या सातत्यावर प्रश्न उभा करते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यावे लागते. आता पासपोर्ट अमेरिकेचा आणि येण्या-राहण्याची परवानगी भारताची. या परवानगीत मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र ओसीआयधारक कितीही वर्षे भारताबाहेर राहिला तरी केवळ त्या कारणाने त्याचे कार्ड रद्द होत नाही.