चार एकर वारं

मराठवाड्यात पावसाळी वाऱ्याला चांगलं म्हणणारा माणूस सापडणार नाही. आषाढात आभाळ भरून येतं, बांधावरचा माणूस मान वर करतो, तेवढ्यात पश्चिमेचं वारं सुटतं आणि ढग नांदेड ओलांडून थेट तेलंगणात. ‘वारं सुटलं, पाऊस गेला’ हे आमचं हवामानशास्त्र. वाऱ्याचं काम पडायचं ते खळ्यावर धान्य उधळताना, आणि तेही मळणीयंत्रानं संपवलं. अशा या बिनकामाच्या वाऱ्याला आता गिऱ्हाईक आलंय. बीडहून धाराशिवकडे येताना चौसाळा मागे पडलं, की बालाघाटाच्या माथ्यावर पांढरे खांब दिसू लागतात. लोक त्यांना ‘पंखे’ म्हणतात. पुस्तकातलं नाव पवनचक्की. पण दळण दळायची चक्की त्यात कुठेच नाही.

वारं तर पूर्वीपासूनचं, मग गिऱ्हाईक इतक्या उशिरा का? महाराष्ट्रात पहिल्या पवनचक्क्या १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, ५५ किलोवॅटच्या. पुढे साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवडेचं पठार त्यांनी भरून गेलं, मग धुळ्यातलं ब्राह्मणवेल. बालाघाटाकडे बराच काळ कुणी वळलं नाही.

उत्तर एका गणितात आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला चार मीटरचं वारं पाच मीटर झालं, तर वेग वाढला पाव पट; ताकद मात्र ६४ ची १२५, म्हणजे जवळपास दुप्पट. जमिनीलगत झाडं, बांध, घरं वाऱ्याला अडवतात. वर जावं तसं ते जोरकस आणि सलग होत जातं. साताऱ्याला ही उंची पठारानंच दिली होती. आमच्याकडे ती खांबाला द्यावी लागते, आणि १४० मीटरचे खांब आता कुठे परवडू लागले. वारं होतं तिथेच होतं. आपणच खाली होतो.

दुसरी गोष्ट पात्यांची. १९८६ च्या त्या यंत्राचं चक्र १५ मीटर व्यासाचं. ते आभाळातला जेवढा तुकडा झाडायचं, तो आपल्या मापात पावणेदोन गुंठे. आज पुण्याच्या सुझलॉन कंपनीचं एक यंत्र १४४ मीटर व्यासाचं आहे. त्याचा हिशेब होतो चार एकर! चार एकर वारं एका खांबाला बांधलेलं. क्षमता तीन मेगावॅट, म्हणजे तीन हजार किलोवॅट.

पाती मात्र तीनच. १८८८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रशनं आपल्या घरामागे चक्र उभारलं, त्याला लाकडाची १४४ पाती होती आणि वीज मिळायची १२ किलोवॅट. डेन्मार्कच्या पौल ला कूरनं प्रयोग करून दाखवलं, की वीज करायची तर थोडी पाती हवीत आणि ती वेगानं फिरायला हवीत. अमेरिकेतच १९४१ मध्ये सव्वा मेगावॅटचं दोन पात्यांचं राक्षसी यंत्र उभं राहिलं. १९४५ मध्ये त्याचं एक पातं तुटून पडलं आणि तो नाद सुटला. जगानं शेवटी धडा घेतला तो १९५७ च्या, डेन्मार्कमधल्या गेडसरच्या साध्या तीन-पाती चक्राकडून. तोही १९७३ मध्ये तेल महागल्यावर.

वारं पात्याला ढकलतं असं आपल्याला वाटतं. खरं तर पातं विमानाच्या पंखासारखं घडवलेलं असतं. वारं त्याच्या दोन अंगांवरून वेगवेगळ्या वेगानं जातं आणि दाबातल्या फरकानं पातं ओढलं जातं. लांबून सुस्त दिसणाऱ्या या चक्राचं टोक, मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या, तरी ताशी २७० किलोमीटरनं पळतं. मागच्या पेटीतले दाते या मंद फेऱ्या शंभरेक पटींनी वाढवून जनित्राला देतात.

सगळं वारं मात्र पकडता येत नाही. एसटीच्या दारात चढलेले लोक आत सरकलेच नाहीत, तर मागच्यांना चढता येत नाही. तसंच वाऱ्यालाही पुढे निघून जावं लागतं. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झनं १९१९ मध्ये ही मर्यादा काढली: वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के ताकद घेता येते. आणि वारं ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे गेलं, की यंत्र पाती वळवून वाऱ्याला धार दाखवतं आणि थांबतं. ‘एवढं वारं सुटलंय अन् पंखे बंद?’ या पारावरच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

पारावरचा दुसरा प्रश्न जुना आहे: पंखे ढग पळवतात का? दुष्काळाच्या वर्षांत सातारा-धुळ्याकडेही हा संशय होता. पण पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच, शेकडो किलोमीटर पसरलेले. चार एकराच्या चक्राला ते कुठून ऐकणार? पंखे नव्हते तेव्हाही ढग तेलंगणातच जात होते.

पंख्यांचा खरा त्रास जमिनीवर आहे. सत्तर मीटरचं पातं वळवायला रस्ते रुंद होतात, बांध फुटतात, तारांचे मनोरे उभ्या पिकात येतात. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, आणि तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण पुढे आलं. त्यानंतर ‘पवनऊर्जा’ हा शब्द आमच्याकडे दबक्या आवाजात बोलला जातो. दोष वाऱ्याचा नाही, यंत्राचाही नाही.

यंत्राचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं. त्याच्या पायाचं काँक्रीट त्यानंतरही तुमच्याच शेतात असणार. तेव्हा दलाल दारात आला, तर कराराचा कागद मराठीत मागा, आणि पाया कोण उपसणार, कुणाच्या खर्चानं, हे सहीच्या आधी लिहून घ्या.