ठाणे खाडीतले चौकोन

क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठाणे खाडीचं सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र मोठं करत नेलं, की शेवटी १० मीटर बाजूचे चौकोन उरतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, पण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या फरकावरून तिवरं कुठं दाट, कुठं विरळ ते कळतं. खरी मेख काठावर आहे. अर्धा चिखल, अर्धी झाडं असलेला चौकोन कशात धरायचा? चित्र भरतीच्या वेळचं असलं तर बुटकी रोपं पाण्याखाली जातात आणि जंगल घटल्यासारखं दिसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघायला लावते, मग खाडीकाठी नेते. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळं पाहिल्यावर तोच चौकोन त्यांना ओळखीचा वाटतो.