प्रतिपिंड-औषध आणि अहिंसा

आमवातावर डॉक्टर 'अडॅलिमुमॅब'ची सुई सुचवितात, तेव्हा आम्हा बोरगावच्या जैन व्यापाऱ्यांच्या घरी हिंसेचा प्रश्न निघतोच. शरीराचे रक्षकच सांध्यांवर उलटले असता दाह चेतविणाऱ्या टी.एन.एफ. या द्रव्यास हे प्रतिपिंड जखडून ठेवते. ते ज्या पेशींत बनते, त्यांचा वंश १९५७ साली अमेरिकेत चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून घेतलेला आहे. आता त्या टाक्यांत वाढतात. प्रत्येक मात्रेस नवा जीव लागत नाही. मूळचा दोष आम्ही नाकारीत नाही. तरी रुग्णाने सुई घ्यावी, असेच आमचे मत आहे.

२०१४ साली अहमदाबादच्या झायडसने हे औषध अमेरिकेतील किमतीच्या सुमारे पंचमांशात आणले. सामान्य घरास तेही जडच. सुईपूर्वी क्षयाची तपासणी अवश्य करवावी. दबलेला क्षय तिने उफाळू शकतो. औषध २ ते ८ अंशांतच राहावे. वैशाखात नागपूरहून आणताना बर्फपेटी विसरू नये.