पवनचक्कीची पेटी: उष्णता बाहेर जावी, ओल आत येऊ नये

घरगुती पवनचक्कीच्या जनित्रातून निघणारी वीज बॅटरीला जशीच्या तशी चालत नाही. कायमचुंबक बसवलेले जनित्र तीन फेजांची एसी वीज देते आणि वारा चढेल-उतरेल तसे तिचे व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी दोन्ही हलत राहतात. बॅटरीला लागते डीसी. मधले काम सहा सिलिकॉन डायोड करतात. प्रत्येक फेजला दोन डायोड असतात, एक धन टोकाकडे वाट देणारा आणि दुसरा ऋण टोकाकडून. फेजांमधल्या एसी व्होल्टेजच्या सुमारे 1.35 पट डीसी व्होल्टेज डायोडांच्या या ब्रिजमधून मिळते. हे डायोड, त्यांची उष्णता उतरवणारा हीटसिंक, ब्रेकचा स्विच, फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट एकत्र बसवले की रेक्टिफायर पेटी तयार होते. सामान महाग नाही, दुर्मीळही नाही. अवघड आहे ते कोकणातल्या हवेत ही पेटी सुरक्षित ठेवणे.

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याला हा ब्रिज अनोळखी नाही. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो त्या तिठ्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या अल्टरनेटरमध्येही तो असतो. गॅरेजवाले त्याला ‘डायोड प्लेट’ म्हणतात. पण ट्रकचे इंजिन बंद करता येते, वारा बंद करता येत नाही. शिवाय ट्रकच्या अल्टरनेटरला रेग्युलेटर असतो. तो फील्डचा प्रवाह कमी-जास्त करून वीज आटोक्यात ठेवतो. कायमचुंबकाच्या जनित्राला असा लगाम नाही. पाती फिरतील तितकी वीज येणारच. पेटीतल्या बहुतेक खबरदाऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

कोकण किनाऱ्याला पवनऊर्जा नवी नाही. 1986 साली देशात पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, तेव्हा देवगडला 55 किलोवॉटची यंत्रे बसली. त्यांची वीज थेट वाहिनीत जाई, मध्ये बॅटरी आणि डायोड नव्हते. घरची चक्की आकाराने खेळण्यासारखी, पण या बाबतीत तिचा व्याप मोठा.

हातखंब्याच्या सड्यावर वारा वर्षभर सारखा नसतो. हिवाळ्यातल्या सकाळी पान हलत नाही. दुपारी समुद्राकडून थोडी झुळूक येते. खरा जोर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, जून ते ऑगस्ट. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पात्यांचा व्यास 3 मीटर असेल आणि चक्की वाऱ्यातली 30 टक्के शक्ती पकडत असेल, तर सेकंदाला 5 मीटर वेगाला सुमारे 160 वॉट मिळतात; वेग 10 मीटर झाला की सुमारे 1,270 वॉट. म्हणजे वर्षाचा मोठा भाग पेटी जवळजवळ रिकामी बसते आणि आषाढातल्या एखाद्या रात्री तिच्यावर पूर्ण भार येतो. नेमकी त्याच रात्री हवा ओलीचिंब असते आणि गावातली वीजही बहुधा गेलेली असते. पेटीचे गणित त्या रात्रीसाठी मांडायचे असते, सरासरी वाऱ्यासाठी नव्हे.

पहिला प्रश्न उष्णतेचा. प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो आणि भार जास्त असताना प्रत्येक डायोडमध्ये साधारण 1 व्होल्ट खर्च होतो. त्यामुळे जितके अँपिअर, त्याच्या दुप्पट वॉट उष्णता. 1,000 वॉट 12 व्होल्टच्या बॅटरीत भरायचे तर 83 अँपिअर लागतात आणि पेटीत 166 वॉट उष्णता तयार होते. 24 व्होल्टला ती 83 वॉटवर येते, 48 व्होल्टला 42 वॉटवर. घरात इन्व्हर्टरची एकच बॅटरी आहे म्हणून 12 व्होल्टवर अडून बसण्याची काटकसर पुढे जाड वायर, मोठा हीटसिंक आणि जळलेले डायोड यांतून वसूल होते. चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 48 व्होल्ट करणेच शहाणपणाचे.

बाजारात मिळणारा केबीपीसी 3510 हा चौकोनी ब्रिज 35 अँपिअरचा आणि 1,000 व्होल्टचा. पण 35 अँपिअर हा आकडा त्याचे बूड 55 अंश सेल्सिअसवर असतानाचा आहे. त्यापुढे तापेल तशी क्षमता घटते. म्हणून 48 व्होल्टच्या एक किलोवॉट चक्कीला असे तीन ब्रिज वापरतात, प्रत्येक फेजला एक. ब्रिजची दोन्ही एसी टोके एकत्र करून त्यांना एक फेज जोडतात आणि तिन्ही ब्रिजांची धन-ऋण टोके एकमेकांना मिळवतात. 48 व्होल्टला 1,000 व्होल्टचा डायोड जास्तीचा वाटतो, पण तसे नाही. भार सुटलेली चक्की वादळात कितीतरी जास्त व्होल्टेज फेकते, तेव्हा हीच शिल्लक कामी येते.

या ब्रिजचे बूड विजेपासून अलग असते, त्यामुळे तो थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन सरळ हीटसिंकवर आवळता येतो. जुन्या स्टड डायोडचे मात्र तसे नाही. त्याचे अंगच एक टोक असते, त्यामुळे त्याचा हीटसिंकही जिवंत होतो आणि तो पेटीपासून अलग ठेवावा लागतो. हीटसिंक किती मोठा हवा, हे साध्या भागाकाराने निघते. बाहेरची हवा 35 अंश आणि ब्रिजची मर्यादा 80 अंश धरली, तर 42 वॉटला 45 अंशांची मुभा मिळते. म्हणजे दर वॉटमागे जेमतेम एक अंश चढेल असा हीटसिंक लागतो. त्याचे पंख उभे असावेत. आडवे बसवले तर गरम हवा त्यांच्यात अडकते.

उष्णतेला उघडी पेटी हवी आणि पावसाला बंद. या भांडणावर एकच पक्का तोडगा आहे: हीटसिंक पेटीच्या पाठीबाहेर काढायचा, डायोड आत ठेवायचे आणि मधली फट रबरी गॅस्केटने बंद करायची. पंखा बसवण्याचा मोह टाळलेला बरा. पंखा खारट ओल आत ओढतो, आणि तो बंद पडला तरी पेटी काही सांगत नाही. पेटी पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी; प्लॅस्टिकचा डबा डायोड तापला की मऊ पडतो. वायरी खालूनच, रबरी ग्लँडमधून आत घ्याव्यात आणि आत शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडते. उरलेल्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी हवी. मुंग्या, पाली आणि मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी यांना गरम, कोरडा कोपरा फार आवडतो. बॅटऱ्यांच्या डोक्यावर मात्र पेटी लावू नये. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पेटी जळते तेव्हा दोष बहुतेकदा डायोडचा नसतो, जोडाचा असतो. सैल लगचा रोध 0.01 ओहम असेल तर 20 अँपिअरला त्या एका टोकाशी 4 वॉट उष्णता साचते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण वायरचे आवरण वितळायला तो पुरतो, आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. लग क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबावा आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर द्यावा. रंगांचाही घोळ होतो, कारण तीन फेजांतला लाल आणि डीसीचा धन लाल सारखेच दिसतात. ब्रिजला फेजांचा क्रम कसाही चालतो, त्यामुळे तिन्ही एसी तारा पिवळ्या, धन लाल, ऋण काळी आणि अर्थ हिरवी ठेवली की गोंधळ मिटतो. महावितरणची 230 व्होल्टची वायर या पेटीत आणूच नये.

डायोड निकामी होतो तो बहुधा शॉर्ट होऊन. एकाच फेजचे दोन्ही डायोड शॉर्ट झाले तर बॅटरीची धन-ऋण टोके थेट जुळतात आणि मोठी बॅटरी अशा वेळी हजारावर अँपिअर ओतू शकते. त्यासाठी धन तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात, डीसीचा फ्यूज हवा. वरच्या चक्कीला आणि 10 चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरला 40 अँपिअरचा. घरातला नेहमीचा एमसीबी इथे चालत नाही. एसीचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी तशी विझत नाही, स्विच आतून जळत राहतो.

पण फ्यूज उडाला की घर वाचते आणि चक्की मोकाट सुटते. भार नसलेली पाती बेफाम फिरतात. म्हणून डायोडांच्या आधी, एसी बाजूला, तिन्ही फेज एकमेकांना जोडणारा ब्रेकचा स्विच असतो; तो टाकला की जनित्र स्वतःलाच अडवते. तो मंद वाऱ्यात टाकावा. सोसाट्याच्या वाऱ्यात टाकला तर जनित्राची वेटोळी जळू शकतात. सोलरचा कंट्रोलर चक्कीला जोडण्याची चूकही याच जातीची: बॅटरी भरली की तो वाट बंद करतो, आणि चक्की भाराविना उरते. चक्कीला उरलेली वीज रोधात जाळणारा डायव्हर्शन कंट्रोलर लागतो. तिथे पाणी तापवायचा रॉड लावण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण 230 व्होल्टला 2,000 वॉट घेणारा रॉड 56 व्होल्टला फक्त 120 वॉटच्या आसपास घेतो. एक किलोवॉटच्या चक्कीला असे दहा-बारा रॉड समांतर जोडावे लागतील, किंवा 48 व्होल्टसाठीच बनवलेला रोध घ्यावा लागेल.

विजेच्या कडकडाटाचा काळ वळवाचा आणि परतीच्या पावसाचा. मे महिन्यात सड्यावरचा जांभा वाळून ठणठणीत होतो, आणि कोरडी जमीन वीज नीट पोटात घेत नाही. म्हणजे वळवाच्या पहिल्या गडगडाटाला अर्थिंग सर्वांत अशक्त असते. अर्थिंगचा खड्डा मातीच्या भागात खोल घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावे. प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यामध्ये सर्ज अरेस्टर बसवावा. मनोरा, पेटीचे अंग आणि हीटसिंक एकाच अर्थला जोडावेत.

मृग नक्षत्राआधी, ब्रेक टाकून आणि बॅटरीची व जनित्राची तार सोडून, मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर सहाही वाटा तपासाव्यात. एका दिशेने 0.4 ते 0.6 व्होल्ट दिसावेत, उलट्या दिशेने काहीच नाही. चक्की चालू असताना क्लँप मीटरने तिन्ही फेजांचे अँपिअर सारखे भरतात का ते पाहावे. एक डायोड उघडा पडला की प्रवाह असमान होतो आणि मनोरा घुमू लागतो. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला बंद करण्याचा क्रम ठळक अक्षरात लिहून ठेवावा: आधी ब्रेक, मग पाती थांबेपर्यंत थांबणे, आणि त्यानंतरच बॅटरीचा स्विच. सुरू करताना आधी बॅटरी, मग ब्रेक सोडणे.