वाशीमच्या मनोरुग्णाची खाट नागपुरातच का?

पाय मोडला तर माणूस वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जातो. साप चावला तरी तिथेच धावतो. मग मन आजारी पडले की त्याच्या नातेवाइकांना पहिले नाव नागपूरचे का आठवते?

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक आले. पण संपूर्ण विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांसाठी सरकारचे प्रादेशिक मनोरुग्णालय आजही एकच आहे, ते नागपूरचे. इंग्रजांनी 1864 साली सुरू केलेले, मंजूर खाटा 940. वाशीमहून तिथे जायचे म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर.

या अंतराचा खरा अर्थ शेतमजुराला विचारा. घरातला कर्ता मुलगा चार रात्री झोपलेला नाही, अंगावर धावून येतो, कुणीतरी आपल्याला मारणार आहे असे ओरडतो. अशा माणसाला एस.टी.त बसवता येत नाही. खाजगी गाडी करावी लागते, धरायला दोन-तीन माणसे न्यावी लागतात, सगळ्यांची मजुरी बुडते. रिसोड-मानोऱ्याच्या तांड्यावरचा किंवा वस्तीवरचा माणूस हे पैसे आणतो कुठून? सावकाराकडून, नाहीतर शेळी विकून. आणि पैसे उभे राहिलेच नाहीत तर? मग देवऋषी असतो, अंगारा असतो, शेवटी गोठ्यातली साखळी असते.

साखळीने काय होते ते या देशाने पाहिले आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदा हवाच होता. पण मांत्रिकाचे दार बंद करताना दवाखान्याचे दार जवळ आणले नाही, तर गरिबाने जायचे कुठे? अज्ञानाला शिव्या देणे सोपे आहे. ते अज्ञान ज्या गैरसोयीवर पोसले जाते, तिचा जाब मात्र कुणी विचारत नाही.

अंतराचा दुसरा घाव रुग्ण दाखल झाल्यानंतर बसतो. भेटायला जायचे तर पुन्हा भाडे, पुन्हा बुडालेली मजुरी. आधी महिन्याने जाणारे नातेवाईक वर्षाने जातात, मग जातच नाहीत. रुग्ण बरा होतो, पण न्यायला कुणी येत नाही. अशा बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे थांबवा, असे 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले. आम्ही नातेवाइकांना निर्दयी म्हणायला तयार नाही. घरापासून शेकडो किलोमीटरवर मिळणारा उपचार गरिबाच्या बाबतीत हद्दपारी ठरतो.

आम्ही दया मागत नाही. संविधानाच्या कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क मनोरुग्णालाही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला, 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचे कलम 18 प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. मनोरुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या घराजवळ असावी, असे ते सांगते. सरकारी सेवा किमान प्रत्येक जिल्ह्यात असलीच पाहिजे आणि किमान सेवेत रुग्णाला दाखल करून घेणेही येते, असेही ते सांगते. ती सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी उपचार मोफत आहेत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो.

हे फक्त कागदावरचे तत्त्व नाही. केंद्राच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर दहा खाटांच्या आंतररुग्ण सोयीची तरतूद आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 साली सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’च्या चौदा जिल्ह्यांत वाशीम आहे. 2022 पासून ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक आहे. फोनवर धीर मिळतो, सल्ला मिळतो, त्याचे मोल आम्ही नाकारत नाही. पण मध्यरात्री आटोक्याबाहेर गेलेल्या रुग्णाला फोनवर दाखल करून घेता येत नाही. त्याला खाट लागते, औषध लागते, रात्रपाळीची परिचारिका आणि मनोविकारतज्ज्ञ लागतो.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशीम आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग आलाच. ही संधी दवडता कामा नये. इमारतीच्या फिती कापल्या जातील, फलक लागतील. पण त्या विभागात गरिबाचा पोरगा रात्री दोन वाजता दाखल होऊ शकतो की नाही, यावरच त्या महाविद्यालयाची किंमत ठरेल.

म्हणून प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांना, महिला मंडळांना, आशा ताईंना आमचे सांगणे आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा: मनोरुग्णांसाठी राखीव खाटा किती? कोणत्या वॉर्डात? तज्ज्ञाचे पद भरलेले आहे का? मागच्या वर्षी किती जणांना दाखल केले आणि किती जणांना बाहेर पाठवले? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तेच उत्तर घेऊन पालकमंत्र्यांच्या जिल्हा नियोजन समितीपुढे जा, आमदारांच्या दारात जा. जयंतीच्या मंडपात एक टेबल मांडून कलम 18 लोकांना समजावून सांगा.

रस्ता, पाणी, शाळा आपण भांडून मिळवली. आता वाशीमच्या माणसासाठी वाशीममध्येच खाट मागायची आहे. ती कायद्याने त्याचीच आहे.