बायबलातून परत आलेली भाषा

फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वाम्पानोआग लोकांत युरोपियनांबरोबर आलेली साथ पसरली आणि गावंच्या गावं ओस पडली. मासेमारी आणि मक्याची शेती करणारे हे लोक. त्यांच्या नावाचा अर्थ 'पहाटेच्या उजेडाचे लोक'.

१६६३ मध्ये जॉन एलियट या मिशनऱ्याने त्यांच्या भाषेत अख्खं बायबल छापलं. अमेरिकेत छापलेलं हे पहिलं बायबल. भाषांतरात आणि छपाईत स्थानिक आदिवासींचा मोठा हात होता. हेतू धर्मांतराचा होता, हे मी ख्रिस्ती असले तरी लपवणार नाही. पण लोक लिहायला शिकले आणि मृत्युपत्रं, जमिनीचे करार, अर्ज आपल्याच भाषेत लिहू लागले.

पुढे युद्ध झालं, जमिनी गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही.

१९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पानोआग बाईंनी ती परत आणायचं काम हाती घेतलं. एमआयटीत भाषाशास्त्र शिकून त्यांनी बायबल आणि जुने कागद यांतून शब्द, व्याकरण जुळवलं. जिथे अडलं तिथे नात्यातल्या भाषांचा आधार घेतला. त्यांची मुलगी घरात हीच भाषा ऐकत मोठी झाली.

म्हणजे पुस्तकाने भाषा जपली खरी, पण ती जिवंत झाली घरातच. आपण मराठीचे अंक काढतो, ते काढूच. पण घरी धाकट्या भावंडांशी मराठीत बोलतो का?