मातीवाचून पालक

ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीला मोड येतात. तेथे मातीचा कणही नसतो. मग ते मोड तसेच वाढत जाऊन त्यांचा वेल का होत नाही? मोड फुटतात ते बियांच्या डाळिंब्यांत साठविलेल्या अन्नावर. ही शिदोरी संपली की रोपाला बाहेरून काही तरी हवे असते. हे 'काही तरी' म्हणजे माती काय?

ब्रुसेल्स येथील व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने याचा छडा लावण्यासाठी एक साधा प्रयोग केला. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरून ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले व त्याला फक्त पाणी घातले. ५ वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड भरले. माती मात्र अवघी २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, कमी झाली होती. झाड पाण्यापासूनच बनते, असे त्याने ठरविले. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड झाडाचे अन्न बनतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. आणि ते २ औंस हेल्मॉन्टला क्षुल्लक वाटले.

ते क्षुल्लक नव्हते. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स व क्नोप यांनी ठराविक क्षार पाण्यात विरघळवून त्यात रोपे वाढवून दाखविली. रोपाला माती नको असते, मातीतून पाण्यात उतरणारे क्षार हवे असतात, हे सिद्ध झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९२९ पासून याच तत्त्वावर टोमॅटोसारखी पिके घेतली व १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. भारतात शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँग येथे कमी खर्चाची 'बंगाल पद्धत' बसविली.

घरी करून पाहा

क्नोपच्या द्रावणासाठी १ लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.२ ग्रॅम घ्यावे. लोहाचा क्षार अगदी कणभर. प्रत्येक क्षार निरनिराळ्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावा, नाही तर तळाशी साका बसतो. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या प्रयोगशाळेत करावे.

ओल्या कापसावर रुजविलेली पालकाची रोपे ३ बरण्यांच्या झाकणांतील भोकांत कापसाने अलगद बसवा. पहिल्या बरणीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत पूर्ण द्रावण, आणि तिसरीत दोन्ही नायट्रेटांऐवजी त्याच धातूंची क्लोराइडे घातलेले, म्हणजे नत्रहीन द्रावण ठेवा. बरण्यांना काळा कागद गुंडाळा, म्हणजे आत शेवाळ माजणार नाही.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भुसभुशीत मातीच्या पोकळ्यांत हवा असते, बरणीत ती नसते. म्हणून मुळे लांबली की द्रावणाची पातळी उतरू द्या. मुळांचा वरचा भाग दमट हवेत राहू द्या. पाणी उडून जाते तेव्हा क्षार मागे राहतात, यास्तव मधूनमधून साध्या पाण्याची भर घाला व दर ८-१० दिवसांनी द्रावण बदला.

उजेडाची फसगत

खिडकीपासून दूर असलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण मंद उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. रोपाला ही सोय नाही. भर दुपारी बाहेर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, तर अशा खोलीत जेमतेम काहीशे. प्रकाश कमी पडला तर रोप साखर बनवू शकत नाही, आणि ती उणीव कोणताही क्षार भरून काढत नाही. म्हणून बरण्या उन्हाच्या खिडकीत ठेवा, नाही तर रोपांजवळ पांढरे एलईडी दिवे लावा.

आता रोज निरीक्षण करून नोंदी ठेवा. तिसऱ्या बरणीत आधी जुनी पाने पिवळी पडतील, कारण रोप त्यांतील नत्र काढून कोवळ्या पानांना पुरविते. दुसऱ्या बरणीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले असे समजावे. आधार देणे, पाणी धरून ठेवणे, क्षार बेताबेताने पुरविणे व मुळांना हवा देणे ही चारही कामे शेतात माती एकटी करते. बरणीत ती आपल्याला करावी लागतात, आणि त्यांतले कोणते चुकले हे पालकाची पानेच सांगतात.